बिनधारेची तलवार

रामकृष्ण लोहाराला आखातातल्या निझव्यात येऊन पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत त्याने देवाकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा ना. त्याआधीची पाच वर्षं त्याने मस्कतच्या वादी अदाईतल्या एका वर्कशॉपात खिडक्यांच्या जाळ्या आणि बंगल्यांची गेटं वेल्डिंग करण्यात घालवली होती. एका खोलीत आठ माणसं, आठांची आठ कुलपं, आणि दिवसभर लोखंडाला लोखंड चिकटवायचं काम. देवरुखजवळच्या वाडीत सात पिढ्या कोयते आणि विळे घडवणाऱ्या घरातला माणूस तो. लोखंड चिकटवणं आणि लोखंड घडवणं यात त्याच्या लेखी सलाईन आणि जेवण यांच्याइतका फरक होता.

मग एकदा निझव्याला एका म्हाताऱ्याचं गेट बसवायला तो गेला. गेटाच्या आत खजुरीची बाग, बागेतून वाहणारा पाण्याचा पाट, आणि पाटाच्या काठी चक्क भट्टी! भट्टीपुढे खलफान नावाचा तो म्हातारा तांबड्या लोखंडावर हातोडा मारत होता आणि त्याचा घण मारणारा माणूस नेमका त्या दिवशी आलेला नव्हता. रामकृष्णाने गेट तिथंच भिंतीला टेकवलं, पायातले बूट काढले आणि घण उचलला. दहा-बारा घाव झाल्यावर म्हाताऱ्याने मान वर केली, म्हणाला, "यल्ला, मारो." झालं. सहा महिन्यांत अर्बाब, म्हणजे मालक, बदलला, वर्षाच्या आत रखमा आणि पोरगी आकांक्षा देवरुखहून आल्या, आणि बागेतल्या मागच्या खोलीत तिघांचा संसार मांडला गेला. पाटाच्या पाण्यावर रखमा धुणं धुवायची आणि म्हणायची, "आपल्या वाडीतला पऱ्याच हाय ह्यो. फक्त हितं खेकडे नाय गावत."

असं सगळं छान चाललेलं असताना खलफानचा उजवा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा काहवा, तिथली कॉफी, पिताना. चिमुकले कप ते, त्यांत काहवा असतो घोटभर. तोही अंगातल्या पांढऱ्या पायघोळ डिशडाशावर, मांडीवर सांडायचा. मग चिमट्यात लोखंड धरताना. डॉक्टरने गोळ्या दिल्या, गोळ्यांनी म्हाताऱ्याला झोप तेवढी आली. दोन वर्षं झाली, हात काही थांबला नाही. पाहुणे आले की खलफान हात बाहीत ओढून घ्यायचा आणि डाव्या हाताने सलाम करायची पाळी येऊ नये म्हणून नुसता छातीवर मान झुकवायचा. ज्या माणसाने गावातल्या निम्म्या तलवारी घडवल्या, ईदच्या मैदानात ज्याच्या हातातली तलवार बघायला शेजारच्या गावचे लोक यायचे, तो गेली दोन वर्षं ईदला मैदानाकडे फिरकलाच नव्हता.

या तलवारी लढाईच्या नव्हेत. ईदला ढोल वाजतात, माणसं ओळीने उभी राहतात, गातात, आणि एकेक जण पुढे होऊन तलवार उंच धरतो आणि मनगटाने असा झटका देतो की पातं मुठीपासून टोकापर्यंत थरथरत राहतं. ऊन त्यावर नाचतं. मग तलवार उंच फेकायची आणि खाली येताना मुठीतच झेलायची. थरथरली नाही ती तलवार नव्हे, अशी तिथली रीत. म्हणून पातं पातळ हवं, लवचीक हवं, आणि तरी वाकून राहता कामा नये. कोयते, खंजिरांची पाती, खजुरीच्या झावळ्या तोडायचे विळे हे सगळं रामकृष्ण एकटा करायचा. तलवारीला मात्र शेवटचा हात खलफानचाच असे. तो हातच गेला तेव्हा दोन वर्षांत भट्टीतून एकही तलवार निघाली नव्हती.

नव्व्याण्णवचा डिसेंबर होता, रमजान सुरू होऊन चार दिवस झालेले. सकाळी अंगात स्वेटर लागावा अशी थंडी. खलफानचा मुलगा महमूद मस्कतला नोकरीला होता, अझैब्यात त्याचं घर. तो गुरुवारी आला तो गाडीत एक लाकडी पेटी घेऊन. पेटीत तयार तलवारी होत्या, कुठल्या तरी परदेशी कारखान्यातल्या, आरशासारख्या चकचकीत. त्याने एक बापासमोर धरली. खलफानने डाव्या हाताने ती उचलून हलवली. पातं पत्र्यासारखं एकदा डुलकलं आणि गप्प बसलं.

"ही मेलेली आहे," म्हातारा म्हणाला. एवढं अरबी रामकृष्णाला आता येत होतं.

महमूद माणूस वाईट नव्हता. बापाला त्या धुरात बसलेलं बघून त्याचा जीव तुटायचा. त्याने रामकृष्णाला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं, "देखो रामकिसन, ईदके बाद ये भट्टी खलास. इधर दुकान बनेगा. तुम अझैबा आ जाओ, मूठ लगाना, पॉलिश करना. आराम का काम है."

"और फॅमिली, अर्बाब?"

महमूदने खजुरीच्या झाडांकडे बघितलं. "उधर फॅमिली का रूम नहीं है."

रामकृष्णाने मनातल्या मनात हिशेब केला. पुन्हा आठ कुलपांची खोली, पुन्हा वर्षातून एकदा रखमाचं तोंड, आणि हातात पॉलिशचं फडकं! तो काही बोलणार एवढ्यात मागून खलफानचा आवाज आला. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं. "एक तलवार," तो म्हणाला. "रामकिसन एक तलवार करील. ईदच्या मैदानात ती नाचली, तर भट्टी राहील. नाही नाचली, तर तू तुझं दुकान थाट."

महमूद हसला. "इन्शाल्ला," म्हणाला. जे होणार नाही त्यालाही तिथं इन्शाल्लाच म्हणतात.

रामकृष्ण घरी आला तो डोकं धरूनच. "मी तलवार करायची तर हातोडा माज्या हातात. मग घण कोन मारंल?" तो रखमाला म्हणाला. "आतापावत अर्बाब हातोडा धरायचा नि घण मी मारायचा."

रखमा भाकरी थापत होती. तिने वर बघितलंही नाही. "का वो? माज्या हातात काय मेंदी लागलीया?"

खोटं नव्हतं ते. वाडीत सासऱ्याच्या भट्टीवर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून घण तिनेच मारला होता. लोहाराची सून ती, तिथं त्यात कुणाला नवल नव्हतं. पण हा मुलूख वेगळा. परक्या बाईने पदर खोचून म्हाताऱ्यासमोर घण घालायचा म्हणजे काय! रामकृष्ण भीत भीत खलफानला विचारायला गेला. म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. मग त्याने काय केलं, तर आपला बसायचा चौरंग उचलून भट्टीच्या दाराबाहेर ठेवला आणि भट्टीकडे पाठ करून बसला.

"उम्म आकांक्षाला सांग, मी बघणार नाही," तो म्हणाला. उम्म म्हणजे आई, परक्या बाईचं नाव तिथं घेत नाहीत. "ऐकेन. लोखंड ऐकू येतं."

आणि खरंच ऐकू यायचं त्याला! ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन काम सुरू झालं. रामकृष्णाच्या ओळखीचंच लोखंड ते. गावाकडे कोयतेही याचेच करायचे. रंग नीट दिसावा म्हणून दाराला गोणपाट टांगून भरदुपारी आत अंधार केला होता. भात्याने निखारे फुलायचे, पाटा तांबडा व्हायचा, रामकृष्ण सांडशीत धरून तो ऐरणीवर आणायचा आणि हातोड्याने टिंग करून जागा दाखवायचा. त्या जागेवर रखमाचा घण. टिंग, धप्प. टिंग, धप्प. गोणपाटापलीकडून म्हातारा ओरडायचा, "बस! ठंडा हुआ! अंदर डालो!" रामकृष्ण बघायचा, तर खरंच पाटा काळवंडत आलेला असायचा. एकदा तर म्हातारा म्हणाला, "उम्म आकांक्षा का हात थक गया, उसको पानी दो." रखमाने घण खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

म्हाताऱ्याचा रोजा असायचा. त्याच्यासमोर पाणी कसं प्यायचं म्हणून दोघं मागच्या खोलीत जाऊन पिऊन यायची. संध्याकाळी रखमा कांद्याची भजी पाठवायची, तिकडून खजूर यायचा. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यांवर तिने हळद भरली. रात्री ती आडवी झाली की डोळा लागायला वेळ लागत नसे. पण सकाळी दाणे भाजताना गुणगुणायची. रामकृष्णाला ते ऐकून बरं वाटायचं आणि त्याच वेळी भीतीही वाटायची, की हे ईदपर्यंतच तर नाही?

पहिली तलवार त्याने सवयीने पाण्यात विझवली. टिणकन आवाज झाला. पात्यावर केसाएवढी चीर गेली होती.

दुसरी तेलात विझवली. ती टिकली. आता तिचा कडकपणा निखाऱ्यावर उतरवायचा होता. पातं घासून पांढरं करून रामकृष्णाने निखाऱ्यावर हळूहळू फिरवलं. लोखंडावर रंग चढायला लागला, आधी वाळल्या पेंढ्यासारखा पिवळा. पिवळा दिसताच त्याचा हात आपोआप उठला आणि पातं तेलात गेलं. सात पिढ्यांचा हात तो! कोयत्याचं पाणी पिवळ्यावर थांबवायचं. पुढे जाऊन निळा झाला की धार मेली. लहानपणी एक कोयती त्याच्याकडून निळी झाली होती, तेव्हा बापाने सांडशी फेकून मारली होती. पोटरीवर वण अजून होता.

खलफानने पातं मागवून घेतलं, टोक चौकटीत अडकवलं आणि डाव्या हाताने वाकवलं. खाडकन दोन तुकडे. तुटलेलं टोक पाटाच्या पाण्यात जाऊन पडलं.

"मी सांगितलं होतं, निळ्यापर्यंत," म्हातारा म्हणाला.

"अर्बाब, नीला होगा तो मर जाएगा."

"कोयता मर जाएगा. ये तो तब जिंदा होगा."

ईदला नऊ दिवस उरले होते. रामकृष्ण त्या दिवशी जेवला नाही. रखमाने ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसली. "म्हाताऱ्याचं ऐका की," ती म्हणाली. "आपल्या भट्टीतली रीत आपल्या भट्टीत. हितं त्याची चालायची."

"कळतं गो मना. डोक्याला कळतं. हाताला नाय कळत."

"मग हाताचं मी बघते."

तिसऱ्या तलवारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाच दिवस टिंग, धप्प. तेलात विझवून झाली. सहाव्या दुपारी गोणपाट टांगलं, रामकृष्ण निखाऱ्यापुढे बसला आणि रखमा त्याच्या डाव्या अंगाला. म्हातारा बाहेर पाठमोरा.

"रंग?" बाहेरून आवाज.

"पीला," रखमाने सांगितलं.

रामकृष्णाचा हात उठायला लागला. तेवढ्यात रखमाने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला, हळद भरलेला, खरखरीत, आणि तो खाली दाबून धरला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. पातं तपकिरी झालं.

"रंग?"

"ब्राऊन. नाय, अब वांगी जैसा."

बाहेर म्हातारा एकदम हसला. वांगी त्याला कळलं असावं की नसावं. "फिराओ, फिराओ, एक जगह मत रुको!"

रामकृष्णाने डोळे मिटून घेतले असते, पण लोहाराला ती चैन नाही. मुठीकडून टोकाकडे निळा रंग सरकत गेला, गडद, मग जरा फिका. "नीला!" रखमा ओरडली. "बस!" म्हातारा ओरडला. तिने हात सोडला, पातं बाहेर आलं. गार झाल्यावर खलफानने ते चौकटीत अडकवून वाकवलं. पातं धनुष्यासारखं वळलं आणि त्याने सोडताच सरळ झालं, आणि मग किती तरी वेळ गुणगुणत राहिलं. शाळेतून नुकतीच आलेली आकांक्षा दप्तरासकट दारात थबकली. "बाबा, लिसन! ती गातेय."

रामकृष्ण तिथंच मातीत बसला. इतका आनंद त्याला रखमाचा व्हिसा हातात पडला त्या दिवसानंतर झाला नव्हता.

पण स्वभावाला औषध आहे का? दुसऱ्या दिवशी पातं घासून पुसून चकचकीत केलं, मूठ बसवली, आणि मग तो पाटाच्या काठी दगड घेऊन बसला. बिनधारेची वस्तू लोहाराच्या दारातून बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? वाडीत अशा लोहाराला पोरीही कुणी देत नाहीत. त्याने दोन्ही बाजूंनी अशी धार लावली, की मनगटावरचे केस साफ उडावेत. संध्याकाळी मोठ्या दिमाखाने त्याने तलवार खलफानच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याने सवयीने अंगठा पात्यावरून फिरवला आणि झटक्यात मागे घेतला. डिशडाशावर रक्ताचे थेंब पडले.

रामकृष्ण पांढराफटक पडला. खलफानने अंगठा तोंडात घातला, रोजा आठवून घाईने काढला, आणि म्हणाला, "रामकिसन, तुम लोहार है कि कसाई? ईदका बकरा काटेगा इससे?" मग हसू आवरून, हळू आवाजात, "लोक ही आकाशात फेकतात. झेलताना कधी कधी हात चुकतो. धार काढून टाक."

धार लावायला शिकवतात. काढायला कुणी शिकवलेलं नव्हतं. रामकृष्ण तलवार घेऊन दगडापाशी बसला आणि बसूनच राहिला. रखमा भांडी घासत होती, तिने ओळखलं. "तुमच्यानं व्हत नसंल तर मना द्या."

"नको. माजी मीच काढतो."

त्याने पातं दगडावर आडवं धरलं आणि ओढलं. दातांवर कळ यावी तसा आवाज आला. एकदा या बाजूने, एकदा त्या. मग दगडाच्या भुकटीत तेल कालवून पात्याच्या दोन्ही कडा गोल केल्या. शेवटी त्याने कड आकांक्षाच्या गालावरून फिरवली. ती खुदकन हसली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने घडवलेलं पातं कुणाला कापत नव्हतं, आणि वाटलं होतं तेवढं वाईट त्याला वाटलं नाही.

ईदच्या सकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. ढोल वाजत होते. बायका आणि मुलं खजुरीच्या सावलीत, त्यांच्या कडेला रखमा नवी साडी नेसून आणि आकांक्षा. रामकृष्ण ओळीच्या टोकाशी उभा होता, छाती ढोलापेक्षा जास्त वाजत होती. खलफान दोन वर्षांनी आला होता. उजवा हात बाहीत.

महमूदने रामकृष्णाची नवी तलवार उचलली, झटका दिला. पातं थरथरलं, बरं थरथरलं, पण दोन क्षणांत थांबलं. त्याच्या मनगटाला आता संगणकाची सवय. लोकांत कुजबूज झाली.

तेवढ्यात खलफान ओळीतून पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. उजवा. भर मैदानात तो हात बाहीबाहेर थरथरताना सगळ्यांनी बघितला. महमूद घाईने म्हणाला, "बाबा, नको." म्हाताऱ्याने ऐकलं नाही. मूठ पकडली, तलवार डोक्यावर उभी धरली, आणि मग त्याने झटकाबिटका काही दिलाच नाही. नुसता हात मोकळा सोडला. दोन वर्षं ज्या थरथरीने त्याचे कप सांडले, चिमटे पाडले, पाहुण्यांपुढे मान खाली घालायला लावली, ती थरथर मुठीतून पात्यात शिरली, आणि पातं थांबेचना! मुठीपासून टोकापर्यंत नुसती चमक उभी राहिली. जवळच्यांना तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ढोलवाले आधी चुकले, मग दुप्पट जोराने वाजवायला लागले. म्हातारे लोक ओरडत होते, खलफानचं नाव घेत होते. रामकृष्ण सरळ रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

भरात येऊन म्हाताऱ्याने तलवार वर फेकली.

वर गेली ती झोकात, पण खाली येताना त्याच्या हाताला काही ती सापडेना. बोटं मुठीपासून वीतभर चुकली. तलवार त्याच्या खांद्यावर येणार, तोच महमूद झेपावला आणि त्याने ती मधल्यामध्ये पकडली. पात्यालाच, उघड्या मुठीत, करकचून.

ढोल थांबले. महमूदने हळूहळू मूठ उघडली. तळहातावर तेलाची एक काळी रेघ उठली होती. बस, रेघ तेवढी. रामकृष्णाला दोन दिवसांपूर्वीचं मनगटावरचे केस उडवणारं पातं आठवलं. खलफान मात्र हसत होता. त्याने मुलाच्या हातातून तलवार घेतली, पुन्हा उंच धरली, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

सगळं आटोपल्यावर महमूद रामकृष्णाकडे आला. गळाभेट झाली. मग त्याने तळहात पुढे धरला. रेघ अजून पुसली नव्हती.

"धार किसने निकाला?"

"मैंने, अर्बाब. लगाया भी मैंने था." खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही.

महमूद हाताकडे बघत राहिला. "लोग और आठ माँगता है," तो म्हणाला. "बकरी ईद तक होगा?"

रामकृष्ण उत्तर जुळवत होता, तोवर मागून रखमा म्हणाली, "होईल म्हणून सांगा. पर घणाला दांडा नवा पायजे म्हणावं, ह्यो हाताला लागतो."

ईदच्या चौथ्या दिवशी भट्टी पेटली. दाराला गोणपाट लागलं. म्हाताऱ्याचा जुना चौरंग डुगडुगत होता, म्हणून त्याने महमूदची ती लाकडी पेटी, आतल्या चकचकीत तलवारींसकट, ओढून आणली आणि तिच्यावर ऐसपैस बसला. आत पाठ करून. थरथरणारा हात उघडाच गुडघ्यावर होता.

पंधरा दिवसांनी आठांतल्या दुसऱ्या तलवारीवर रंग चढायला लागला, तेव्हा रखमाने सवयीने मनगट धरायला हात पुढे केला. रामकृष्णाचा हात जागचा हलला नव्हता. पिवळा गेला, तपकिरी गेला, वांगी रंग गेला.

"रंग?" बाहेरून आवाज आला.

"नीला," रामकृष्णाने सांगितलं, आणि पातं बाहेर काढलं.